दगड फुटला छज्ज्याचा, दुखणं निघालं अंगणात : एका देवळाच्या दुरुस्तीचं प्रकरण

गावाचं नाव देत नाही, ट्रस्टचंही नाही. पश्चिम महाराष्ट्रात नदीकाठी एक शंकराचं देऊळ आहे एवढं पुरे. मी आर्किटेक्ट, जुन्या इमारतींची कामं करते, आणि या कामात बरंच बरोबर झालं आणि काही ठिकाणी मी सपशेल चुकले, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

पार्श्वभूमी

देऊळ पेशवाईतलं, म्हणजे 18व्या शतकाच्या शेवटाकडचं. त्या काळात आपल्याकडे जशी बांधायचे तशीच रचना, खालचं सगळं अंग काळ्या घडीव दगडाचं आणि वर शिखर विटांचं, त्यावर चुन्याचा गिलावा. सभामंडप, गाभारा, चारी बाजूंनी बाहेर आलेला दगडी छज्जा. भिंत बघायला एकसंध वाटते पण ती तशी नसते, बाहेरून एक घडीव थर, आतून एक घडीव थर आणि मधे दगडगोटे आणि चुन्याची भर. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत या मधल्या भरीतच आहे.

देऊळ ना केंद्राच्या संरक्षित यादीत ना राज्याच्या. केंद्राच्या यादीत असतं तर 1958च्या पुरातत्त्व कायद्याखाली परवानगीशिवाय छिन्नी लावता आली नसती. इथे काहीच बंधन नाही, त्यामुळे गेल्या तीसेक वर्षांत ज्याला जे सुचलं ते त्याने भक्तिभावाने केलं. दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या, खांबांना ऑइल पेंट दिला, मग त्यावर दुसरा, मग तिसरा, आम्ही नंतर खरवडून बघितलं तर निळा, पिवळा, चंदेरी आणि गुलाबी असे चार थर निघाले. जत्रेच्या लायटिंगसाठी छज्ज्यात ड्रिल मारून लोखंडी अँगल ठोकले. आणि अलीकडे कुठल्याशा फंडातून सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक आले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता हे मला मनापासून सांगायचंय.

प्रॉब्लेम काय होता

मला फोन आला तो छज्ज्याचा कोपरा पडला म्हणून. पहाटे पडला, खाली कुणी नव्हतं म्हणून वाचले. असा एक दगड साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आठ इंच जाड, काळ्या दगडाचं वजन घनमीटरला पावणेतीन-तीन टन धरा, म्हणजे एकेक दगड साडेसहाशे-सातशे किलोच्या घरात जातो. पडला होता त्याचा एक तुकडाच, पण शेजारचा दगड आरपार तडकून नुसता वजनाच्या आधारावर बसला होता. त्याला पहिल्याच दिवशी खालून टेकू दिले, बाकी चर्चा नंतर.

ट्रस्टच्या दृष्टीने प्रॉब्लेम दोन, छज्जा फुटला आणि देऊळ कळकट दिसतं. गुरवकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, आत पाऊस पडतो त्याचं काय?" सभामंडपात पावसाळ्यात तीन ठिकाणी बादल्या ठेवतात, आणि पाऊस थांबल्यावरही दोन-दोन दिवस ठिबकत राहतं. छत नुसतं गळत असतं तर पाऊस थांबला की तासाभरात थांबलं असतं. दोन दिवस ठिबकतं याचा अर्थ पाणी कुठेतरी साठतंय, आणि साठायला जागा एकच, भिंतीतली आणि छतावरची भर.

दगड ठोकून बघायला एक म्हातारे पाथरवट बरोबर घेतले होते, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते हातोडीच्या दांड्याने टकटक करत पूर्ण देऊळ फिरले. चांगला दगड खणखणीत वाजतो, आतून सुटलेला बद्द वाजतो, एवढी साधी गोष्ट आहे पण कान लागतो. बाहेरचे खांब खणखणीत, आतल्या छतावरचं कोरीव कमळ बऱ्याच ठिकाणी बद्द. तो दगड वेगळा होता, आपल्याकडे काळा दगड म्हटलं की सगळा एकच असं वाटतं पण कमळाच्या दगडात बारीक पोकळ्या आणि त्यात पांढरे खडे होते. असल्या दगडात चिकणमातीसारखी खनिजं असतात, ती ओलीने फुगतात, सुकली की आकसतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

एकूण चित्र असं झालं. शिखराच्या बुडाशी पिंपळाचं झाड, त्याच्या मुळांनी फट पाडलेली, तिथून पाणी भरीत शिरतंय. पूर्वी ते पाणी चुन्याच्या दरजांमधून हळूहळू बाहेर पडून सुकायचं, कारण घट्ट काळा दगड स्वतः पाणी फारसं पीत नाही, पोरबंदरच्या सच्छिद्र दगडासारखा तो नाही, त्यामुळे भिंतीचा श्वास म्हणाल तर तो दरजांमधूनच चालतो. त्या दरजा आपण सिमेंटने बुजवल्या आणि वर ऑइल पेंटचा रेनकोट चढवला. मग पाणी आत अडकलं, भरीतला चुना आणि सिमेंटमधले क्षार विरघळवत फिरत राहिलं आणि जिथे वाट मिळेल तिथे पांढरं होऊन बाहेर आलं.

आणि छज्जा? तो फुटला लोखंडाने. इथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, कारण फुटलेल्या जागी दोन प्रकारचं लोखंड दिसलं. छज्ज्याचे दगड एकमेकांना धरायला जुन्या कारागिरांनी लोखंडी पट्ट्या खोबणीत बसवून वर शिसं ओतलं होतं. दोनशे वर्षांनंतरही त्या पट्ट्या शिशाच्या आत जवळजवळ जशाच्या तशा होत्या. दगड फुटला तो लायटिंगच्या अँगलपाशी, तो सिमेंटमध्ये ठोकलेला, शिसं नाही काही नाही, गंज धरला की लोखंड मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं आणि दगडाला आतून पाचर मारल्यासारखं फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉनचं अगदी हेच झालंय. जुन्या ग्रीकांच्या शिशात बसवलेल्या पट्ट्या दोन हजार वर्षं टिकल्या आणि 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत शिशाशिवाय घातलेल्या लोखंडाने काही दशकांत संगमरवर फोडला, 1975 मध्ये तिथे जी कमिटी बसली तिच्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम घालावं लागलं. आमच्या गावात टायटॅनियमचं बजेट अर्थातच नव्हतं.

काय काय पर्याय होते

ट्रस्टच्या मीटिंगला गेले तेव्हा त्यांच्याकडे आधीच एक कोटेशन होतं. सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून सगळा रंग काढायचा, दरजांमध्ये परत सिमेंट, भिंतीच्या आत पातळ सिमेंटचं ग्राउट आणि वरून चकचकीत केमिकल कोटिंग. पंचेचाळीस दिवसांत, जत्रेच्या आधी, दहा वर्षांच्या गॅरंटीसह. खरं सांगते, ट्रस्टच्या जागी मी असते तर मलाही ते आवडलं असतं. नमुना म्हणून एका खांबावर हातभर जागा त्यांनी करूनही दाखवली होती. लांबून स्वच्छ दिसत होती. मी अध्यक्षसाहेबांना म्हटलं, डोळे मिटा आणि आधी त्या जागेवरून हात फिरवा मग शेजारी फिरवा. शेजारी टाकीचे घाव हाताला लागत होते, बारीक तिरक्या रेघा, आणि सँडब्लास्ट केलेल्या जागी काहीच नाही, नुसता खरखरीत करडा दगड. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे परत येत नाही का?" नाही येत.

दुसरा पर्याय एका माहीतगार माणसाने सुचवला, दगडांना नंबर टाकून देऊळ उतरवायचं आणि परत बांधायचं. असं करतात, कुठे धरणात देऊळ जाणार असेल तर करावंच लागतं. पण इथे पाया खचला नव्हता, भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या होत्या, मग साबूत सांधे मोडायचे कशाला. हा पर्याय मी पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

तिसरा आमचा, कमीत कमी हात लावायचा. वरचं पाणी बंद, दरजा परत चुन्याच्या, छज्जा दुरुस्त, रंग जमेल तिथे आणि जमेल तेवढा. वेळ जास्त, पैसे जवळपास तेवढेच, गॅरंटी शून्य. गॅरंटीवर मीटिंग तासभर अडली. शेवटी ठरलं की जत्रेआधी छज्जा सुरक्षित करायचा आणि समोरची बाजू नीट दिसेल एवढं करायचं, बाकी जत्रेनंतर. ही तडजोड मी मान्य केली आणि ती चूक होती, पुढे सांगते.

काय केलं

पिंपळापासून सुरुवात करायची होती तर गुरवकाका म्हणाले पिंपळ तोडत नसतात. माझ्या पोटात गोळाच आला, कारण झाड राहिलं तर बाकी सगळं काम व्यर्थ. तोडगा त्यांनीच काढला, नारळ फोडून पूजा केली, वरचं रोप जेवढं मुळासकट आलं तेवढं घाटाच्या वर नेऊन लावलं. आत गेलेली मुळं ओढली नाहीत, ओढली असती तर विटा बरोबर आल्या असत्या. कापून, टोकांना औषध भरून जागीच मारली आणि फट चुन्याने बंद केली.

चुना हा स्वतंत्रच विषय. कळीचा चुना आणून खड्ड्यात विझवला आणि दोन महिने पाण्याखाली मुरत ठेवला. चुना मळायच्या जुन्या घाणीचं दगडी चाक गावात होतं पण ते शाळेसमोर शोभेला रंगवून ठेवलेलं, ते मागायची हिंमत झाली नाही, मग मोठ्या मिक्सर मिलवर मळला. चुना, सुरखी (विटांची भुकटी) आणि नदीची चाळलेली वाळू, 1:1:2. मिसळायच्या पाण्यात गूळ आणि बेलफळाचा काढा. लोक हे फार भारावून विचारतात, व्हॉट्सॅपवर तर त्यावर आख्यानं फिरतात, पण माझा अनुभव असा की गुळाने जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक चुना किती मुरला आणि भरल्यावर किती दिवस ओला ठेवला याने पडतो.

सिमेंटच्या दरजा काढणं हा पहिला मोठा निर्णय. सगळ्या काढायच्या का? मी ठरवलं की छिन्नीच्या हलक्या ठोक्याने जे सुटेल तेच काढायचं, आणि दरज जेवढी रुंद त्याच्या किमान दुप्पट खोल जायचं, नाहीतर नवा चुना धरत नाही. जिथे सिमेंट दगडाला इतकं चिकटलंय की काढताना दगडाची कड जाईल तिथे ते राहू द्यायचं. हे मजुरांना सांगितलं, आणि मग दोन दिवस मी दुसऱ्या साइटला गेले. परत आले तर उत्तरेच्या भिंतीवर ग्राइंडर चाललेला. जत्रा जवळ आली, काम मागे पडलंय, म्हणून मुकादमाने आपल्या हुशारीने आणला होता. दोन दगडांच्या कडा सरळ कापल्या गेल्या, ती रेघ आजही आहे, जाईन तेव्हा आधी तीच दिसते. मी मुकादमावर ओरडले पण करारात ग्राइंडर वापरायचा नाही हे लिहिलंच नव्हतं, तोंडी सांगितलेलं साइटवर दोन दिवस टिकतं.

छज्ज्याच्या बाबतीत नशिबाने साथ दिली. पडलेला तुकडा कुठे गेला विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, शेवटी कळलं की तो नदीवर धुण्याचा दगड झालाय, चांगला सपाट होता ना. सन्मानाने परत आणला. तुकडा आणि मूळ दगड दोन्हीत भोकं पाडून 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घातल्या, भोकात फक्त इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचं रसायन, आणि बाकी सांध्यात चुना. इपॉक्सी वापरावं की नाही यावर माझं आणि माझ्या एका सीनियरचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, अधांतरी लटकणारा तुकडा आहे, खालून लोक जातात, तिथे तत्त्वासाठी रिस्क घेणार नाही.

आरपार तडकलेला शेजारचा दगड मात्र गेलेलाच होता, तो बदलायचा ठरवला. आणि इथे अण्णांनी मला धडा दिला. मी जवळच्या क्वारीतून काळा दगड मागवला, दिसायला डिट्टो तसाच. अण्णांनी दोन ठोके मारले आणि म्हणाले, "ताई, हा आतून फुटलेला हाय." क्वारी क्रशरसाठी चालते, सुरुंगाने फोडतात, दगड अख्खा दिसला तरी आत केसासारख्या भेगा गेलेल्या असतात. दोन गाड्या परत पाठवल्या, भाडं आमच्या बोकांडी. शेवटी दगड मिळाला तो पाटे-वरवंटे आणि जाती करणाऱ्यांच्या छोट्या खाणीतून, कारण ते अजून भोकं पाडून पाचरी ठोकूनच दगड सोडवतात. अण्णा आणि त्यांच्या पुतण्याने तो घडवला, चेनपुलीने वर चढवला, जुन्या पट्ट्यांसारखीच खोबण पण पट्टी स्टेनलेसची आणि वर शिसं. वरच्या अंगाला, खालून दिसणार नाही असं, दुरुस्तीचं वर्ष कोरलं, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की हा दगड मूळचा नाही.

रंगासाठी आधी चार ठिकाणी बोटभर पॅच करून बघितले. कॉस्टिक सोडा स्वस्तात काम करतो पण मागे क्षार सोडतो, आणि क्षारांनीच आम्ही हैराण होतो. हीट गन काळ्या दगडावर मला नको वाटते, शिवाय जुन्या रंगात शिसं असलं तर त्याचा धूर मजुरांच्या नाकात जातो. जेल रिमूव्हर लावून, लाकडी पट्टीने आणि मऊ ब्रशने काढणं हे हळू पण नीट होतं, मास्क लावून आणि दारं उघडी ठेवून. बाहेरचे आणि सभामंडपाचे खांब असे केले.

छतावरच्या कमळापाशी आम्ही थांबलो. तिथे सुटलेले पापुद्रे जागेवर धरून ठेवणारी गोष्ट एकच होती, तो भडक गुलाबी ऑइल पेंट. रंग काढला असता तर पाकळ्या हातात आल्या असत्या. ज्या रंगाला आठवडाभर शिव्या घातल्या त्यालाच हात न लावायचा ठरवलं. ट्रस्टला हे पटवताना नाकी नऊ आले, "पैसे घेतले आणि अर्धंच काम केलं" हे मी दोन मीटिंगमध्ये ऐकलं. पण आधी आतली ओल जाऊ दे, पापुद्रे किती स्थिर राहतात ते दोन-तीन वर्षं बघू, मग ठरवू, यावर मी अडून बसले. मूर्तीच्या शेंदराला हात लावायचा प्रश्नच नव्हता, तो माझा विषय नाही.

निकाल काय लागला

जत्रा झोकात झाली, समोरची बाजू सुंदर दिसत होती. आणि जत्रा संपून महिना व्हायच्या आत दक्षिणेच्या भिंतीचा चुना बोटाने खरवडला तर पावडर व्हायला लागला. मार्चच्या शेवटी, कोरड्या वाऱ्यात, थेट उन्हात भरला होता. गोणपाट बांधले होते पण जत्रेच्या गडबडीत फोटोत वाईट दिसतात म्हणून कुणीतरी सोडून ठेवले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला ओल लागते, आधीच सुकला की तो नुसता वाळूसारखा पडून राहतो. पावसाळ्यानंतर ती सगळी बाजू परत केली, स्वखर्चाने.

शिखराचं काम मात्र टिकलं. पहिल्या पावसाळ्यात बादल्या लागल्या नाहीत, गुरवकाकांचा त्या रात्री साडेदहाला फोन आला, नुसतं "कोरडं हाय" एवढं सांगायला.

पण वायव्येच्या कोपऱ्यात, जोत्यापासून दोन फुटांपर्यंत, ओल तशीच आणि पांढरे क्षार उलट वाढलेले. मी डोकं खाजवत बसले, आत एखादी पोकळी राहिली का. ऑगस्टमध्ये भर पावसात छत्री घेऊन जाऊन उभी राहिले तेव्हा अर्ध्या तासात उत्तर मिळालं. पेव्हर ब्लॉकचा उतार देवळाकडे होता. सगळ्या अंगणाचं पाणी त्या कोपऱ्यात येऊन जोत्याला टेकून उभं, आणि जुन्या दगडी पन्हळीचं तोंड ब्लॉकखाली गाडलेलं. मी आतापर्यंत वर बघत होते.

भिंतीलगतचे दीड फूट रुंद ब्लॉक काढले, तिथे खडी भरली, पन्हळ उघडी केली. आख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त काम, दोन माणसं चार दिवस. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो कोपरा बराच सुकलाय, हिवाळ्यात थोडे क्षार अजून येतात, ते कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून लांब टाकायचे, पाण्याने धुवायचे नाहीत, धुतले की परत आत जातात. हे देवळाच्या दारामागे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय कारण श्रावणात पाइप लावून देऊळ धुवायची प्रथा आहे.

परत केलं तर

पहिली भेट पावसात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नेमकी चार दिवसांची उघडीप होती, आणि नंतर मोजमापं, ड्रॉइंग, फोटो सगळं दिवाळीनंतर केलं. पाणी कुठून येतं हे उन्हात उभं राहून अंदाजाने ठरवलं, त्यात शिखराचा अंदाज बरोबर निघाला म्हणून अंगणाकडे बघितलंच नाही.

जत्रेची तारीख मी डेडलाइन म्हणून घ्यायला नको होती. टेकू लावून, छज्ज्याखाली दोरी बांधून जत्रा करता आली असती. समोरची बाजू आधी करायच्या नादात चुना चुकीच्या महिन्यात भरला, आणि ग्राइंडरही त्याच घाईतून आला. आता माझ्या करारात ग्राइंडर, सँडब्लास्टिंग आणि सिमेंट ही तीन नावं बंदी म्हणून ठळक लिहिलेली असतात, आणि दरजा भरायच्या त्या दिवाळी ते जानेवारीच्या दरम्यान.

सिमेंटच्या ज्या दरजा सोडल्या त्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. कमळाबद्दल अजून ठरत नाही, दर सहा महिन्यांनी त्याच जागी उभं राहून त्याच कोनातून फोटो काढतो, आतापर्यंत एक पापुद्रा पडलाय.

गेल्या जत्रेच्या आधी लायटिंगवाला नेहमीप्रमाणे ड्रिल मशीन घेऊन शिडीवर चढला होता. गुरवकाकांनी त्याला खाली उतरवला आणि काढून ठेवलेला गंजका अँगल दाखवला, तो त्यांनी घंटेपाशी खुंटीला टांगून ठेवलाय. आता लाइटचे खांब सिमेंट भरलेल्या तेलाच्या डब्यांत उभे असतात, अंगणात, देवळापासून चार हात लांब.